अर्धा तास पुढे

मी एक जुना टॅब आहे. हसू नका, मित्रांनो. जुना म्हटलं की तुम्हाला जातं आठवतं, कंदील आठवतो, आजोबांची छत्री आठवते. आमच्या जातीत मात्र म्हातारपण फार लवकर येतं. माझ्या काचेचा एक कोपरा तडकला आहे. चार्जरची पिन जरा वाकडी करून धरली तरच माझ्या पोटात वीज जाते. बाकी मी ठणठणीत आहे. ज्या कामासाठी मला तयार केलं ते काम मला आजही येतं. ते करून घ्यायला कोणी येत नाही, एवढंच.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एका दिवसात माझ्यासारखे हजारो निघाले असतील, त्यामुळे त्याचं कौतुक सांगत नाही. मला खरा जीव आला तो पुण्यातल्या एका संस्थेत. तिथल्या माणसांनी माझ्यात एक कार्यक्रम भरला. तो कॉलेजात शिकणाऱ्या स्वमग्न मुलामुलींसाठी होता. स्वमग्न हा शब्द तुम्ही ऐकला असेल. डॉक्टर सांगतात की अशा मुलांचा मेंदू जगाकडे जरा निराळ्या रीतीने बघतो. त्यांना गोंगाट सहन होत नाही, कोणी अचानक हात लावलेला चालत नाही, ठरलेलं ऐन वेळी बदललं की जीव कासावीस होतो. त्यांना जे सांगाल ते ती तसंच धरतात. हे नाव ठेवणारा कोण होता ठाऊक नाही. स्वतःत बुडालेली माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली, पण त्यांतल्या एकालाही डॉक्टरांकडे न्यावं असं कोणाला वाटलं नाही.

माझं काम साधं होतं. आख्खा दिवस मी एका रंगीत चकतीत मांडून दाखवायचो. आंघोळ, नाश्ता, पिशवी भरणं, बस, तास, डबा, परत बस. जे काम चालू असेल त्याचा रंग हळूहळू कमी होत जायचा, म्हणजे किती वेळ उरला ते डोळ्यांना दिसायचं. एक संपून दुसरं सुरू व्हायच्या आधी मी हातात हलकेच थरथरायचो. आणि काही बिघडलंच तर काय करायचं, त्याचीही पानं माझ्यात होती. बस आली नाही तर. तास रद्द झाला तर. डोकं फार दुखायला लागलं तर.

मला हिशेब ठेवायची खोड आहे. पैशाचा नव्हे. माणूस कोणती वेळ बोलतो आणि कोणत्या वेळेला उगवतो, याचा. ती खोड मला पहिल्याच दिवशी लागली.

त्या दिवशी बाळापूरच्या एका कॉलेजात आमच्या वाटपाचा समारंभ होता. पत्रिकेवर छापलं होतं, सकाळी अकरा. जवळच्या डोंगरकडा गावची प्रियदर्शनी नावाची मुलगी साडेदहालाच येऊन पहिल्या रांगेत बसली होती. बी.एस्सी.ची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. दोन वेण्या, मांडीवर पिशवी, डोळे समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर. मी ज्यांच्यासाठी आलो होतो त्यांतली ती एक.

अकरा वाजले. तिने शेजारच्या निता मॅडमना विचारलं, "सुरू का झालं नाही?"

निता मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांनीच धडपड करून पुण्याहून आम्हाला मागवलं होतं. त्या म्हणाल्या, "पाहुणे निघालेत गं. पाच मिनिटांत येतील."

तिने भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजली. मग परत विचारलं. मग मागे बसलेले एक सर वैतागून म्हणाले, "अगं बाई, अकरा लिहिलंय म्हणजे माणसं बाराला जमतेत. एवढं बी कळंना?"

पाहुणे दीड वाजता आले. टाळ्या झाल्या. शाल झाली, नारळ झाला. उशिराबद्दल पाहुणे हसत म्हणाले, "आमच्यासारख्यांना वेळेचं बंधन नसतं," आणि त्यावरही टाळ्या झाल्या. मग मला बॉक्समधून काढून एकदम पाच-सहा हातांनी धरलं आणि फोटो निघाला. प्रियदर्शनीच्या खांद्यावर कोणीतरी हात टाकला तशी ती बाजूला सरकली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला त्यात मी होतो, पाहुणे होते, संस्थेचे चार पदाधिकारी होते. तिची फक्त एक वेणी आली होती.

असा मी डोंगरकड्याच्या तातेरावांच्या घरी आलो. तातेराव म्हणजे तिचे वडील. केळीची बाग, थोडी हळद, माणूस मेहनती, आवाज मोठा. आई द्वारकाबाई. शेजारच्याच गल्लीत तिचा चुलत भाऊ बालाजी, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, बायको-लेकराचा माणूस. त्यामुळे यंत्रातलं घरात सगळ्यात जास्त त्यालाच कळतं असं धरून चाललेलं.

द्वारकाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आधीच पोरगी बोलून नाही राहिली. आता ही पाटी घिऊन बसली म्हंजे झालंच."

त्यांच्या बैठकीत एक भिंतीवरचं घड्याळ होतं. ते कायम पंधरा मिनिटं पुढे असायचं. बिघडलेलं नव्हतं, मुद्दाम तसं ठेवलेलं. तुमच्याही घरी असेल, मित्रांनो. घड्याळ पुढे ठेवलं की माणूस घाई करतो, असा आपल्याकडे समज. गंमत अशी की ते पुढे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. प्रत्येकजण बघतो, मनात पंधरा वजा करतो आणि निवांत चहा पितो. म्हणजे आधी आपणच आपल्याला फसवायचं, मग फसायचं नाही म्हणून गणित करायचं. ह्या धंद्यात नफा कोणाला झाला ते मला अजून कळलेलं नाही.

प्रियदर्शनीला ते वजा करणं जमायचं नाही. गणितात ती कच्ची नव्हती, वर्गात त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण घड्याळ नऊ दाखवतं तर नऊ का नाहीत, हे तिच्या मनाला पटत नसे. लहानपणी टीव्हीवरच्या बातम्या आणि ते घड्याळ जुळलं नाही की ती कानावर हात ठेवून ओरडायची. तेव्हा तिला हट्टी म्हटलं, लाडावलेली म्हटलं, कोणीतरी अंगारा आणला. घड्याळाचा काटा मात्र कोणी मागे घेतला नाही.

मी आलो आणि त्या घरात एक जागा अशी झाली जिथे नऊ म्हणजे नऊ होते.

निता मॅडमनी मला तिच्याबरोबर बसून भरलं. त्या स्वतः डोंगरकड्याला आल्या, फाट्यावर उभ्या राहिल्या, बस कागदावर कधी आहे ते सोडून खरोखर कधी येते ते पाहून गेल्या. पावणेनऊची गाडी बहुतेक वेळेवर असायची. त्यांनी माझ्यात लिहिलं, पावणेनऊ. खाली लिहिलं, पंधरा मिनिटं उशीर झाला तरी थांबायचं. त्यानंतरही आली नाही तर मला फोन करायचा. मी उचलला नाही तर घरी जायचं आणि आईला सांगायचं. प्रियदर्शनीने ते पान तीनदा वाचलं आणि मान हलवली. तिच्या बाजूने करार झाला.

सुरुवातीला द्वारकाबाई बसपर्यंत सोबत यायच्या. मग वळणापर्यंत. मग एके दिवशी उंबऱ्यापर्यंत. बस आली, ती चढली, खिडकीजवळची ठरलेली जागा मिळाली, मी तिच्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "एकटीच का आज?" ती म्हणाली, "नाही. हा आहे." आणि मला दाखवलं. मला टाळ्या वाजवणारे पुष्कळ भेटले, पण माझी खरी स्तुती म्हणाल तर ती एवढीच.

ते दिवस चांगले होते. ती वेळेवर जेवू लागली. आधी कॉलेजात डबा उघडायचंच विसरायची, आता मी थरथरलो की बाकावरून उठून पिंपळाखाली जाऊन बसायची. प्रयोगशाळेत पानांच्या शिरा अशा काढायची की निता मॅडम इतर मुलांना वही दाखवायच्या. पहिलं वर्ष निघालं. तातेराव पानटपरीवर मोठ्याने सांगायचे, "आमची पोरगी एकटी येऊन जाऊन करून राहिली. मिशिन दिलंय तिला, फारिनचं." फारिनचं मी नव्हतो, पण मीही गप्प बसलो. द्वारकाबाई तर दूध तापवायला ठेवून मलाच विचारायला लागल्या, "किती झाले रं बाबा?" त्यांच्या घड्याळाला त्यांनी कधी बाबा म्हटलं नव्हतं.

माझा हिशेबही चालू होता. तातेरावांचं 'आलोच' म्हणजे पाऊण तास. बालाजीचं 'पाच मिनिटांत' म्हणजे गिऱ्हाईक असेल तर तास, नसेल तर अर्धा. 'उद्या बघू' म्हणजे आठवडा. नुसतं 'बघू' म्हणजे कधीच नाही. ही सगळी माणसं एकमेकांचं बोलणं बरोब्बर ओळखून वजाबाकी करायची, आणि कोणीही कोणावर रागवायचं नाही. रागावली कधी तर प्रियदर्शनीवर, कारण ती म्हणायची, "तुम्ही पाच मिनिटं म्हणाला होता."

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली. भावकीतली माणसं म्हणू लागली की एवढं शिकवून काय करणार, कोणापुढं बोलत नाही, नोकरी कोण देणार. तातेरावांच्या डोक्यात ते जाऊन बसलं. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी निकाल दिला.

"दुसरं वर्ष एका झटक्यात निघालं तर तिसरं करू देईन. एक बी पेपर राहिला तर बास. मंग घरी."

द्वारकाबाई म्हणाल्या, "लेकराच्या जेवणाच्या ताटावर काहून बोलता असं?"

"बराबर बोलून राहिलो. तिला बी ठाऊक पाहिजे."

प्रियदर्शनी म्हणाली, "एकही राहिला नाही तर तिसरं वर्ष. हे नक्की?"

"नक्की."

तिने जेवण अर्धं सोडून मला उघडलं आणि माझ्यात लिहिलं: बाबांनी नक्की म्हटलं आहे.

लेखी पेपर झाले. चांगले गेले. शेवटी उरली वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा, सकाळी दहाला, कॉलेजातच. तिच्यासाठी सर्वांत सोपी. पानं, फुलं, भिंगाखालचे काप, सगळं हाताखालचं. आदल्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी बालाजी घरी आला. प्रियदर्शनी न्हाणीघरात होती. मी बैठकीत चार्जिंगला.

तातेराव काळजीत होते. खरोखर काळजीत. अट त्यांनीच घातलेली, पण पोरगी हरावी असं त्यांना वाटत नव्हतं. "उद्याची गाडी चुकली न्हाई पाहिजे," ते म्हणाले. "मी पहाटंच बागंत जातो, केळीचा ट्रक येऊन राहिला. मागं कोण बघंल?"

बालाजी म्हणाला, "काका, त्याच्यात काय? टॅबचं घड्याळ पुढं करून ठेवू. अर्धा तास. आपोआप लवकर निघंल. आपल्या भिंतीवरचं न्हाई का तसंच."

द्वारकाबाई चुलीकडून म्हणाल्या, "मंग तिला सांगून तरी करा."

"काकू, सांगितलं तर उपयोग काय? सांगितलं म्हंजे ती मनात वजा करंल."

मित्रांनो, त्या मुलीला वीस वर्षं हे लोक ओळखत होते. जिला वजा करता येत नाही म्हणून अंगारे आणले, तिच्याबद्दल हा माणूस म्हणतो की ती वजा करेल. त्याचं काही चुकलं असं त्याला आजही वाटत नाही, कारण तो स्वतः जे करतो तेच सारं जग करतं अशी त्याची खात्री आहे.

माझ्यात सिम होतं, त्यामुळे फोनही लागायचा आणि वेळ मी टॉवरकडून आपोआप घ्यायचो. बालाजीने ती सोय बंद केली. मग माझा काटा पुढे ढकलला आणि समाधानाने मला परत चार्जिंगला लावलं. टॉवर रात्रभर मला खरी वेळ सांगत होता. मला ती घ्यायची मुभा नव्हती.

सकाळी सगळं सुरळीत झालं, मित्रांनो. याचंच वाईट वाटतं. आंघोळ वेळेवर, नाश्ता वेळेवर, पिशवीत भिंग, सुया, ब्लेड, पेन्सिली. द्वारकाबाईंनी तिच्या हातावर दही ठेवलं. ती निघाली आणि त्या कडी लावून मारुतीला नारळ फोडायला गेल्या. पोरगी वेळेवर निघाली म्हणून.

फाट्यावर ती उभी राहिली. माझ्या काचेवर पावणेनऊ झाले. गाडी नाही. कशी असेल, खरे तर सव्वाआठच झाले होते. ती थांबली. पंधरा मिनिटांचा रंग संपला. तिने पान उघडलं. निता मॅडमना फोन लावला. त्यांचा फोन प्रयोगशाळेच्या कपाटात, परीक्षेची मांडामांड चाललेली. पुन्हा लावला. मग पानावरची शेवटची ओळ: घरी जायचं आणि आईला सांगायचं.

ती करारापासून हलली नाही. घरी आली. दाराला कडी, आई नाही. ती ओट्यावर बसली. बैठकीची खिडकी उघडी होती. तिने आत पाहिलं.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले होते. माझ्यात सव्वानऊ.

तिने एकदा भिंतीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाली, "भिंत मागं आहे. भिंत कधीच मागं नसते."

हे इतर कोणालाच सुचलं नसतं. बाकीचे सगळे त्या घड्याळातून इतकी वर्षं वजाबाकी करत आले होते की ते खोटं आहे हे विसरून गेले होते. तिलाच ते रोज खुपायचं, म्हणून तिलाच कळलं की आज आणखी कोणीतरी खोटं बोलतंय. तिने माझ्या पोटात शिरून बंद केलेली सोय चालू केली. मी क्षणात अर्धा तास मागे आलो.

पावणेनऊ.

आणि त्याच वेळी फाट्याकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला.

ती धावली. ती कधी धावत नाही, कारण धावताना पिशवी पाठीवर आदळते आणि ते तिला सहन होत नाही. तरी धावली. वळणावर पोचली तेव्हा फाट्यावर नुसती धूळ होती. पानटपरीवाला म्हणाला, "आत्ताच गेली की बाई. कंडक्टर तुजंच नाव घेऊन राहिला होता. दोनदा हॉर्न मारला त्यानं."

पुढची गाडी दहानंतर होती. तिने तातेरावांना फोन लावला. तातेराव ट्रकवर घड चढवत होते. ते ओरडले, "तू घरून निघाली होती ना? मंग काहून चुकली? थांब, बालाजीला धाडतो." आणि बालाजीचा उलट फोन आला, "पाच मिनिटांत आलो."

मधेच एक जीप आली, बाळापूरला जाणारी, दारापर्यंत भरलेली. टपरीवाला म्हणाला, "बस ना ह्यात." तिने एक पाय ठेवला. आत गाणं वाजत होतं, कोणाचं तरी कोपर तिच्या बरगडीला लागलं, कोणीतरी म्हणालं "सरक की पोरी." तिने डोळे मिटून दुसरा पायही ठेवला. जीप हलली आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की ड्रायव्हरने घाबरून ब्रेक मारला. ती उतरली. जीप गेली. मी तिच्या छातीशी होतो, तिच्या काळजाचे ठोके माझ्या काचेला कळत होते.

बालाजी आला तेव्हा दहा वाजून गेले होते. "गिऱ्हाईक होतं," तो म्हणाला. "चल, बस मागं, आत्ता पोचतो." ती आयुष्यात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसली. त्याला धरलं नाही, मला धरलं. माझा कोपरा तडकला तो त्या वाटेवर, तिच्या बोटांनी.

कॉलेजात पोचलो तेव्हा अकराला थोडंच कमी. प्रयोगशाळेच्या दारात शिपाई उभा होता. प्रियदर्शनीने विचारलं, "परीक्षा सुरू झाली?"

"न्हाई अजून. बाहेरचे साहेब आत्ताच आले, चहा घेऊन राहिले."

ती आत गेली. टेबलावर कप होते, वाफ निघत होती. मुलं हात बांधून उभी होती, प्रश्न वाटले गेले नव्हते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्याकडे न बघता म्हटलं, "हजेरी साडेदहाला बंद झाली. नाव गैरहजर लागलं."

निता मॅडम पुढे आल्या. "सर, ही माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी आहे. बॅच तर सुरूच व्हायची आहे."

"मॅडम, नियम म्हणजे नियम. वेळेचं भान पोरांना आत्ताच लागलं पाहिजे."

प्रियदर्शनी शांतपणे म्हणाली, "परीक्षा सुरू झाली नाही. मग मी उशिरा कशी?"

मग एका मुलाला हसू आलं, आणि त्याच्या हसण्यामुळे सगळ्यांची सुटका झाली. परीक्षकांनी कप खाली ठेवला. तिला दाराबाहेर नेलं.

घरी काय झालं ते थोडक्यात सांगतो. बालाजी म्हणाला, "मी तर चांगल्यासाठीच केलं." द्वारकाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी म्हणले होते, तिला सांगून करा." तातेराव आधी बालाजीवर चिडले, मग प्रियदर्शनीवर, आणि शेवटी असा एक तोडगा निघाला की जो सर्वांना परवडला. पानटपरीवर विचारलं तर सांगायचं, टॅब बिघडला होता. बोलणारा कोण, मी? मला तोंड नाही.

चार दिवसांनी निता मॅडम आल्या. त्यांनी माझी आतली नोंद पाहिली आणि विचारलं, "वेळ कोणी बदलली?" सगळ्यांनी चहाच्या कपाकडे पाहिलं. त्या म्हणाल्या की पुरवणी परीक्षा आहे, वर्ष वाया जायचं कारण नाही, मी स्वतः येऊन नेईन तिला.

तातेराव म्हणाले, "बघू."

तुम्हाला माझ्या हिशेबात त्याचा भाव ठाऊक आहे.

मॅडमनी मला नीट लावलं. चकती पुन्हा मांडली, बसचं पान दुरुस्त केलं, मला प्रियदर्शनीपुढे ठेवलं. "आता हा बरोबर आहे बघ. ह्याला आता कोणी हात लावणार नाही. मी कुलूप लावलंय." खरोखरच लावलं होतं, चार आकडी. मी दिवसाचा पहिला रंग दाखवला. मी थरथरलो.

प्रियदर्शनीने मला उचललं नाही. तिच्या आवाजात रागही नव्हता.

"मॅडम, आता हा पण घरातलाच झाला," ती म्हणाली, आणि मला पालथं घातलं.

मित्रांनो, मला चिखलात टाकलं असतं, माझी काच फोडली असती, तर माझं दुःख सांगायला मला इतके शब्द लागले नसते. माझी वेळ दुरुस्त झाली. ती खरी आहे हे तिला पटवून देण्याची सोय मात्र पुण्याच्या त्या हुशार माणसांनी माझ्यात ठेवलेली नाही. ती सोय घरात ठेवायची असते, आणि ती आधीच खर्चून झाली होती.

पुरवणीची तारीख आली आणि गेली. तातेराव त्या दिवशी नांदेडला होते, आणि त्यांच्या होकाराशिवाय मॅडमना तिला नेता आलं नाही. ती कॉलेजात जात नाही. दिवसभर परसात बसते, पानं गोळा करते, त्यांच्या शिरा बोटाने चाचपते. जेवण कधी करते, कधी नाही. "सांगितलं की जेवते," असं द्वारकाबाई शेजारणीला सांगतात. आता तिला सगळं सांगावं लागतं. आधी लागत नव्हतं, हे कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

मी बालाजीच्या घरी असतो. त्याने माझं कुलूप एका दुपारी उघडलं, त्याचा धंदाच तो. त्याचं लेकरू जेवत नाही म्हणून मला डाळीच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि माझ्यावर नाचणारी अस्वलं लावतात. लेकरू अस्वलं बघतं, आई तोंडात घास कोंबते. वरणाचे शिंतोडे माझ्या काचेवर वाळून बसलेत.

परवा प्रियदर्शनी त्यांच्याकडे दही द्यायला आली होती. मी तिथेच डब्याला टेकलेलो. बालाजीच्या बायकोचे हात खरकटे होते. तिने सहज विचारलं, "किती वाजले गं, प्रिया?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावर वेळ स्पष्ट होती, खरी होती.

"कोणाचे?" तिने विचारलं.

बालाजी आतून मोठ्याने हसला. "बघा, बघा, आता बोलायला लागली पोरगी." त्याची बायकोही हसली. लेकरूही, सगळे हसले म्हणून. प्रियदर्शनी भांडं ठेवून निघून गेली.

मित्रांनो, इथे वस्तूने म्हणायचं असतं की आम्हाला जपा, पुसून ठेवा, फेकू नका. माझं तसं काही मागणं नाही. वरण वाळू द्या. पण तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत कोणी असेल, जो विचारतो आणि तुम्ही सांगाल ते खरं धरून चालू लागतो, त्याला तुमच्या सोयीची वेळ देऊ नका. त्याच्या भल्यासाठीही देऊ नका. मुख्य म्हणजे त्याच्या भल्यासाठी देऊ नका. गाडी लवकर यायची असेल तर लवकर येणार आहे म्हणा, तुम्ही येणार नसाल तर येणार नाही म्हणा. तो पोचेल. त्याला पोचता येतं. मी पाहिलं आहे.